सुईनंतरची लाली : जंतू मेल्याची की आर्सेनिक बाधल्याची?

१९१० मध्ये साल्वर्सान बाजारात आलं आणि उपदंशावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणत त्या रोगावर, पाऱ्याहून कितीतरी प्रभावी औषध हाती लागलं. पाउल एर्लिख यांच्या फ्रँकफुर्टच्या प्रयोगशाळेत साहाचिरो हाता यांनी या '६०६' क्रमांकाच्या संयुगाचा गुण हेरला होता. मात्र त्यात आर्सेनिक होतं, सोमलात असतं तेच. त्यामुळे सुईनंतर रोग्याचं अंग लाल झालं की डॉक्टरला ठरवावं लागे : पुढची सुई द्यायची की हात आवरायचा?

लाली काही तासांतच आली, आधीचेच चट्टे भडकले, सोबत हुडहुडी, ताप आणि अंगदुखी असेल, तर ती यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया. भराभर मरणाऱ्या जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि शरीर पेटून उठतं. साधारण दिवसभरात सगळं निवतं. पाऱ्याच्या उपचारांतही ती दिसे. त्वचारोगतज्ज्ञ यारिश यांनी १८९५ मध्ये आणि हेर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये तिचं वर्णन केलं. (हेर्क्सहायमर ज्यू होते. १९४२ मध्ये नाझींच्या टेरेझिनश्टाट छावणीत त्यांचा अंत झाला. रोज ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांच्याबद्दल एवढं तरी ठाऊक असावं.)

आर्सेनिकची बाधा वेगळी. ती बहुधा काही सुया झाल्यावर, आठवड्यांनी उगवे. आधी खाज सुटे. तिच्याकडे दुर्लक्ष करून सुया चालू ठेवल्या तर लाली सर्वांगावर पसरे, कातडी पाझरे आणि पापुद्रे सुटू लागत. केस गळत, नखंही जात. उघड्या पडलेल्या अंगातून पाणी आणि ऊब निघून जाई, जंतुसंसर्ग होई. कित्येक जण यातून वाचले नाहीत. इथे औषध तात्काळ बंद करणं हाच मार्ग होता. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला लुईसाइट या आर्सेनिक असलेल्या विषारी वायूवर उतारा म्हणून डायमरकॅप्रॉल तयार झालं आणि ते या रोग्यांनाही उपयोगी पडलं.

दोन्हींच्या मधे गोंधळात टाकणारी तिसरी गोष्टही होती : पहिल्या सुईनंतर नवव्या दिवसाच्या आसपास येणारं, ताप असलेलं पुरळ. ते सहसा आपोआप जाई.

आर्सेनिकच्या सुया गेल्या, पण यारिश-हेर्क्सहायमर प्रतिक्रिया पेनिसिलिननंतरही दिसते. तिलाच ॲलर्जी समजून 'पेनिसिलिन चालत नाही' असा शेरा कागदावर पडला, तर गरोदर बाईचं फार मोठं नुकसान होतं : तिच्या उपदंशावर आणि पोटातल्या बाळासाठी खात्रीचं औषध तेवढं एकच आहे.