विरार आणि त्याच्या पुढची घरं लोकांना नकोशी का झाली

हे समजायचं तर १९८२ पासून सुरुवात करायला लागते. त्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरणी कामगारांच्या लालबाग-परळला दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार, मग एकाने आपला वाटा घेऊन नालासोपारा नाहीतर विरारला वन रूम किचन बघायचं, असं घरोघरी झालं. पाणी येईल मागाहून, लोकल तर आहे ना, एवढ्याच भरवशावर लोक चर्चगेटपासून ६० किलोमीटर लांब गेले.

माझी मावशी त्यातलीच. टँकर आला की खालून हाक यायची, मग पोळी तव्यावर असली तरी गॅस बंद करून हंडा-कळशी घेऊन तीन जिने उतरायचे, आणि काका तोवर डबा घेऊन निघालेले कारण एक गाडी चुकली की पुढचीत पाय ठेवायला जागा नाही.

पुढे २०१३ च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि सफाळे, पालघर, बोईसरच्या स्कीम्सना जोर आला, त्यात २०१५ ची पीएम आवास योजना, २.६७ लाखांपर्यंत व्याजाची सबसिडी. गाड्या मात्र मोजक्याच, आणि विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण मंजूर होऊनही वर्षानुवर्षं रखडलं. मार्च २०२२ ला सबसिडी संपली, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून चढत ६.५ टक्क्यांवर गेला, म्हणजे हप्ता वाढला आणि प्रवास होता तेवढाच.

सगळ्यात बोलकं उदाहरण विरार-बोळींजचं. म्हाडाने तिथे दहा हजारांच्या आसपास घरं बांधली, लॉटरी लागलेल्यांनीसुद्धा परत केली, हजारो पडून राहिली, शेवटी प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य करून विकायला काढली. मोठं कारण पाणी. २०२३ च्या शेवटी सूर्या धरणाच्या योजनेचं पाणी वसई-विरारला यायला लागलं तसा तिथे परत प्रतिसाद मिळायला लागला, म्हणून मला वाटतं लोकांना अंतराचा राग नाहीये, सोयी मागाहून येतील या शब्दावर आता कोणी लाखो रुपये लावायला तयार नाही.

मावशीचा मुलगा गोरेगावला भाड्याने राहतो. बोईसरचा फ्लॅट बघून आला होता, किंमत पटली पण, खाली उतरून त्याने वॉचमनला एकच विचारलं, टँकर किती दिवसांनी येतो.