सागरी लाटा आणि प्रवाह

समुद्राच्या पाण्याच्या दोन प्रमुख हालचाली. लाटेतून मुख्यतः ऊर्जा पुढे जाते आणि पाणी जवळपास जागीच राहते. प्रवाहात मात्र पाणीच वाहून दूर जाते. बहुतेक वेळा दोन्हींच्या मुळाशी वारा असल्यामुळे त्यांची सहज गल्लत होते.

शांत पाण्यावर वारा सुटला की आधी बारीक सुरकुत्या उठतात. त्यांना पुन्हा सपाट करू पाहतो तो पृष्ठताण. सुरकुत्यांमुळे वाऱ्याला पकड मिळते, लाट वाढते आणि मग उंचावलेले पाणी खाली ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहिला, यावर ठरते. म्हणूनच कितीही सोसाट्याचा वारा असला तरी तळ्यात महासागराएवढी लाट उठत नाही.

खोल पाण्यात तरंगणारा ओंडका पाहिला तर लाटेचे खरे स्वरूप कळते. शीर्ष म्हणजे लाटेचा माथा आला की तो वर उचलला जाऊन थोडा पुढे सरकतो, द्रोणीत म्हणजे दोन माथ्यांमधल्या खोलगट भागात उतरताना जवळपास तितकाच मागे येतो. पाण्याचा प्रत्येक कण असाच गोल फिरतो. पृष्ठभागावर या वर्तुळाचा व्यास लाटेच्या उंचीइतका असतो आणि तरंगलांबीच्या (लगतच्या दोन शीर्षांमधील अंतराच्या) निम्म्या खोलीवर तो जेमतेम ४ टक्के उरतो. वर्तुळाची टोके मात्र पुरती जुळत नाहीत, त्यामुळे ओंडका हळूहळू लाटेच्या दिशेने सरकत राहतो.

खोल समुद्रात लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने धावतात. दर १० सेकंदांनी येणाऱ्या लाटांची लांबी सुमारे १५६ मीटर आणि वेग ताशी ५६ किमी असतो. वादळापासून दूरच्या किनाऱ्यावर त्यामुळे आधी लांब, संथ लयीच्या लाटा पोहोचतात आणि पुढे त्यांच्यातले अंतर कमी होत जाते. या बदलावरून वादळ किती दूर झाले हे काढता येते. सागरवैज्ञानिक वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दक्षिणी महासागरातील वादळांच्या लाटांचा माग थेट अलास्कापर्यंत काढला. सागरविज्ञानातील हा एक अत्यंत देखणा प्रयोग म्हटला पाहिजे.

किनाऱ्याजवळ तळाचा परिणाम जाणवू लागला की लाट मंदावते, आखूड आणि उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की ती फुटते. इथून पुढे पाणी खरोखरच किनाऱ्याकडे लोटले जाते आणि ते परत जायला वाट शोधते. वाळूच्या दांड्यातील खिंडीतून ते अरुंद, जोरकस पट्ट्याने समुद्राकडे वळते. हाच रिप करंट. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून पोहणाऱ्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न जाता तरंगत राहावे, मदतीसाठी हात करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावे. दमल्यामुळे बुडणारे अनेक जण एवढे माहीत असते तर वाचले असते.

मोठ्या प्रवाहांचे कोडे बर्फाने सोडवले. १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजावरून आर्क्टिकमध्ये फिरताना नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांना दिसले, की हिमखंड वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे घडते, असे गणित स्वीडिश सागरवैज्ञानिक व्हागन एकमान यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. पाण्याचा प्रत्येक थर खालच्या थराला ओढतो आणि दिशा वळत जाते. वाऱ्याने हलणाऱ्या थराचे एकूण पाणी उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे जाते. त्यामुळे महासागरांच्या मध्यभागी पाण्याचा हलका उंचवटा तयार होतो आणि त्याभोवती विशाल चक्राकार प्रवाह फिरतात. त्यांची पश्चिम कड अरुंद आणि वेगवान असते: अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम, पॅसिफिकमधील कुरोशिओ.

खोलवरचे अभिसरण तापमान आणि क्षारता यांवर चालते. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाजवळ थंड, खारट, जड पाणी बुडते; त्याला पुन्हा वर यायला शेकडो वर्षे लागू शकतात. उत्तर हिंदी महासागराची गत वेगळी आहे. तिथे मोसमी वाऱ्यांबरोबर प्रवाहही उलटतात. सोमालियाच्या किनाऱ्याचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमी काळात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो.