एका सेकंदाचे अंतर आणि जाणीव

जळगाव-धुळ्याकडे ‘अंतर्मनाची शक्ती जागवा’ अशा शिबिरांचे फलक अधूनमधून दिसतात. मनाचे बहुतेक काम नकळत चालते, हा त्यामागचा दावा पूर्णपणे खोटा नाही. जळगावहून भुसावळला गप्पा मारत निघालेल्या मोटारसायकलस्वाराला गिअर कुठे कुठे बदलले हे सांगता येत नाही. मात्र केळीने भरलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने समोर आला की गप्पा आपोआप थांबतात. मग जाणिवेच्या वाट्याला नेमके कोणते काम येते?

याचे एक सुरेख उत्तर रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर या मेंदूशास्त्रज्ञांच्या 1998 सालच्या प्रयोगात मिळते. स्वयंसेवकांना मूकपट दाखवत असताना दोन वेगळे आवाज ऐकवले जात आणि त्यांपैकी एकाच आवाजाच्या जोडीने डोळ्यावर हवेची हलकी फुंकर येई. आवाज चालू असतानाच फुंकर आली, तर पापणी त्या आवाजाला आधीच मिटायला शिके, मग दोहोंचा संबंध माणसाच्या लक्षात आलेला असो वा नसो. याचे कारण असे की, आवाजाचा आणि फुंकरीचा असे दोन्ही संदेश लहान मेंदूतील पुरकिंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींपाशी वेगवेगळ्या तंतूंनी पोहोचतात आणि ते जवळजवळ एकाच वेळी आले की तेथील जोडण्या बदलतात. पण आवाज थांबल्यानंतर अर्ध्या ते एका सेकंदाने फुंकर आली, तर मात्र तो संबंध ज्यांच्या ध्यानात आला होता, तेच शिकले. हिप्पोकॅम्पस या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाला इजा होऊन स्मृतिलोप झालेल्या रुग्णांना पहिला प्रकार जमला, दुसरा जमला नाही. विरून गेलेला आवाज फुंकर येईपर्यंत टिकवून धरणे लहान मेंदूला एकट्याने साधत नाही. त्यासाठी हिप्पोकॅम्पस आणि मोठ्या मेंदूचे बाह्यक म्हणजे बाहेरचा थर यांची साथ लागते.

शिबिरांत ज्या अंतर्मनाला पुढच्या काही वर्षांच्या श्रीमंतीची आज्ञा द्यायला शिकवतात, त्याच्या या भागाला, म्हणजे नकळत शिकणाऱ्या लहान मेंदूला, एक सेकंदही ओलांडता येत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

जाणीव शिकण्याला कारण ठरते की केवळ सोबत येते, अशी शंका यावर रास्तच आहे. म्हणून पुढच्या प्रयोगात वयस्कर स्वयंसेवकांपैकी काहींना तो संबंध आधीच सांगितला, तर काहींना दुसऱ्या अवघड कामात गुंतवले. सांगितलेले लोक अंतर ठेवूनही शिकले, गुंतवलेले शिकले नाहीत. हिप्पोकॅम्पस काढलेल्या सशांनाही हे अंतर पार करता येत नाही. तेवढ्यावरून सशाला जाणीव असते असे सिद्ध होत नाही, पण त्या प्रश्नाला प्रयोगशाळेत हात घालता येतो.