प्लग, हॅण्डल की नॉब? वेल्डिंग मशीन घेण्याआधी हे वाचा

साकीनाक्याच्या आमच्या दुकानात येणारा पहिलं विचारतो, "मशीन किती अँपिअरची?" आम्ही उलट विचारतो, "रॉड कितीचा जाळता, आणि काम दुकानात की साइटवर?" २०० अँपिअर तिन्ही प्रकारांत मिळतात. खरा फरक करंट कमी-जास्त कसा होतो त्यात आहे.

प्लगवाली मशीन सगळ्यात साधी. कॉइलला जागोजागी टॅप (वायरची टोकं) काढलेले, हव्या त्या भोकात प्लग घालायचा. बिघडण्यासारखं फारसं काही नाही, पण करंट पायरीपायरीनेच बदलतो. एका भोकात रॉड चिकटतो, पुढच्यात पत्रा फाटतो, मधलं काही नाही. आर्क (रॉड आणि लोखंडामधली ठिणगी) चालू असताना प्लग काढू नका, सॉकेट जळतं.

हॅण्डलवालीत हॅण्डल फिरवलं की दोन कॉइलमधला लोखंडी कोअर (गाभा) सरकतो. आत गेला की चुंबकीय गळती वाढते, करंट उतरतो. बाहेर आला की चढतो. त्यामुळे मधला कुठलाही अँपिअर मिळतो. जुनी झाली की स्क्रू झिजतो, कोअर खडखडतो आणि करंट दाखवणारा काटा खोटं बोलायला लागतो. साधारण १२ नंबरच्या (२.५ मिमी) रॉडला ७० ते ९० अँपिअर, १० नंबरच्याला (३.१५ मिमी) १०० ते १३०, उभ्या जोडाला त्याहून थोडे कमी. तरी आधी भंगारातल्या तुकड्यावर रॉड चालवून बघाच.

साइटवरची गंमत वेगळी. चौथ्या मजल्यावर ग्रिल लावायला तळमजल्यावरून बारीक वायर ओढली की व्होल्टेज पडतं. हॅण्डल जागच्या जागी, पण करंट गळालेला. प्लगवालीचंही तेच. मशीनला शिव्या देण्याआधी वायर जाड घ्या.

नॉबवाली मशीन म्हणजे इन्व्हर्टर. त्याचं सर्किट करंट सतत मोजून सावरतं, म्हणून नॉबवर लावलेला आकडा बराचसा टिकतो. व्होल्टेज फारच पडलं तर तोही हात टेकतो. वजनाला हलका, खांद्याला लावून जिना चढता येतो. त्याचा वैरी म्हणजे ग्राइंडरची लोखंडी धूळ आणि आपली दमट, खारी हवा. मशीनमधला पंखा दोन्ही आत ओढतो आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड जातं. ग्राइंडिंग करताना मशीन लांब ठेवा; अधूनमधून मशीनची पिन बोर्डातून काढून ब्लोअर मारा.

दुकानात बसून गेट-शटरचंच काम असेल तर आम्ही हॅण्डलवाली सुचवतो, इन्व्हर्टर विकण्यात आम्हाला जास्त सुटत असले तरी. रोज जागा बदलणाऱ्याने मात्र इन्व्हर्टरच घ्यावा.

येताना तुमचा रॉड आणि पत्र्याचा तुकडा आणा, तिन्हींवर जाळून बघा. दुपारी २ ते ३ दुकान बंद.