हवामानविज्ञान संशोधन व संवाद अधिछात्रवृत्ती

नुकतीच पीएच.डी. झालेल्या किंवा ती पूर्ण करीत आलेल्या संशोधकाला ठरावीक मुदतीचे विद्यावेतन, यजमान संस्था आणि मार्गदर्शक मिळवून देऊन त्याच्याकडून हवामानविज्ञानातील मूळ संशोधन आणि त्या संशोधनाविषयी समाजाशी संवाद अशी दोन्ही कामे अपेक्षिणारी व्यवस्था. मुदत बहुधा एक ते तीन वर्षांची असते. प्रकल्पावर नेमलेला संशोधन-सहायक प्रकल्पप्रमुखाने आखलेले काम करतो, तर अधिछात्राची निवड त्याने स्वतः मांडलेल्या प्रश्नावरून होते आणि निधी त्या व्यक्तीच्या नावे मंजूर होतो. संवादाची अट काही योजनांत नियमातच लिहिलेली असते, काहींत ती केवळ अर्जातील एका परिच्छेदापुरती उरते.

संज्ञा : ‘फेलोशिप’साठी मराठीत ‘अधिछात्रवृत्ती’ आणि ‘पाठ्यवृत्ती’ हे दोन्ही शब्द आढळतात. बोलण्यात सर्रास ‘फेलोशिप’च म्हटले जाते. ‘शिष्यवृत्ती’ शिकणाऱ्याला मिळते आणि ‘अधिछात्रवृत्ती’ स्वतंत्र संशोधन करू लागलेल्याला, हा भेद उपयुक्त असला तरी सर्वत्र पाळला जात नाही. अधिक अडचणीचा शब्द ‘हवामान’ हा आहे. मराठीत आज संध्याकाळच्या पावसालाही ‘हवामान’ म्हणतात आणि दीर्घ काळाच्या सरासरीलाही. शास्त्रीय लेखनात या दुसऱ्या अर्थी ‘जलवायू’ किंवा ‘जलवायुमान’ असे शब्द योजले गेले, शासकीय व्यवहारात ‘वातावरणीय बदल’ रूढ झाले आणि वृत्तपत्रांनी ‘हवामान बदल’ कायम ठेवले. जागतिक हवामान संघटना सरासरी काढण्यासाठी ३० वर्षांचा काळ प्रमाण मानते. एका थंड आठवड्यावरून तापमानवाढ नाकारणारा युक्तिवाद मराठी वाचकापुढे खोडून काढताना अधिछात्राला आधी हा शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. प्रस्तुत नोंदीत प्रचलित शब्द म्हणून ‘हवामान’च वापरला आहे. ‘संज्ञापन’ या शब्दात निरोप पोहोचवण्याची छटा अधिक असल्याने ‘संवाद’ हा शब्द पसंत केला आहे. त्यामागचे कारण पुढे येईल.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठे धरावा याचे उत्तर ‘अधिछात्रवृत्ती’ची व्याख्या किती काटेकोर करावी यावर अवलंबून आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८७६ मध्ये स्थापनेबरोबरच २० अधिछात्रवृत्त्या ठेवल्या होत्या आणि ब्रिटनमध्ये १८५१ च्या लंडनमधील भव्य औद्योगिक प्रदर्शनाच्या शिल्लक निधीतून १८९१ पासून विज्ञान-संशोधनासाठी वृत्त्या दिल्या जाऊ लागल्या. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी खुल्या स्पर्धेने आणि तज्ज्ञ मंडळाच्या निवडीने द्यायच्या वृत्तीचा नमुना मात्र साधारणपणे १९१९ चा मानला जातो. त्या वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने अशी योजना सुरू केली. ती भौतिकी आणि रसायनशास्त्रापुरती होती. वातावरणाचा अभ्यास तीत स्वतंत्र विषय म्हणून नव्हता.

वातावरणाच्या अभ्यासापुरते पाहिल्यास आणखी मागे जाता येते. नॉर्वेजियन शास्त्रज्ञ विल्हेल्म ब्येर्कनेस यांना १९०६ पासून वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेचे वार्षिक अनुदान मिळत होते. ते १९४१ पर्यंत चालू राहिले आणि त्यातून त्यांनी तरुण सहायक नेमले. योहान सँडस्ट्रॉम, थिओडोर हेसेलबर्ग आणि पुढे समुद्रविज्ञानात नाव कमावलेले हाराल्ड स्वेर्डरूप हे या ‘कार्नेगी सहायकां’पैकी होत. १९१३ मध्ये ब्येर्कनेस लाइपझिगला गेले तेव्हा हेसेलबर्ग व स्वेर्डरूप त्यांच्याबरोबर गेले. १९१७ मध्ये ब्येर्कनेस नॉर्वेतील बर्गेनला आल्यावर त्यांचा मुलगा याकोब आणि हाल्वोर सोलबर्ग यांच्यासह नवा गट उभा राहिला. युद्धकाळात परदेशी निरीक्षणे तुटलेली असताना या गटाने १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेच्या शेतकऱ्यांसाठी अंदाज देण्यास सुरुवात केली. त्यासाठी किनाऱ्यावर निरीक्षकांचे दाट जाळे विणावे लागले, आणि आकाशाकडे रोज पाहणारे कोळी व किनाऱ्यावरचे रहिवासी त्या कामी आले. याच दाट नोंदींमधून याकोब ब्येर्कनेस यांचा फिरत्या आवर्तांच्या (कमी दाबाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या प्रणालींच्या) रचनेवरील निबंध १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते.

काटेकोर व्याख्येने हे सहायक अधिछात्र ठरत नाहीत, कारण त्यांची निवड एकाच प्राध्यापकाने केली आणि संशोधनाचा प्रश्नही त्याचाच होता. तरीही ज्यांच्यासाठी अंदाज द्यायचा, त्यांच्याच भागातील माणसांच्या नोंदींवर संशोधन उभे करणे हा या अधिछात्रवृत्तीचा गाभा मानला, तर बर्गेनचा दाखला १९१९ च्या अमेरिकन योजनेपेक्षा अधिक जवळचा वाटतो. स्वीडनचे कार्ल-गुस्टाफ रॉस्बी बर्गेनमध्ये काही काळ शिकले आणि १९२६ मध्ये एका वृत्तीवर अमेरिकेच्या हवामान कार्यालयात दाखल झाले. व्यक्तीला मिळालेल्या वृत्तीबरोबर एक अख्खी विचारपद्धती समुद्रापलीकडे गेल्याचे ते ठळक उदाहरण आहे.

पुढील इतिहास तुलनेने सरळ आहे. अमेरिकेत १९६० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राने त्याच दशकात पीएच.डी.नंतरच्या संशोधकांसाठी ‘प्रगत अध्ययन कार्यक्रम’ सुरू केला. १९९० पासून त्या देशाच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाची (नोआ) ‘हवामान व जागतिक बदल’ अधिछात्रवृत्ती चालू आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, पीएच.डी. जेथे केली त्याहून वेगळी यजमान संस्था निवडावी लागते. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजना १९९६ पासूनच्या असून त्या सर्व विषयांना खुल्या आहेत. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाने (आयपीसीसी) २००७ च्या शांतता नोबेल पारितोषिकाच्या रकमेतून विकसनशील देशांतील तरुण संशोधकांसाठी वृत्ती सुरू केली.

संवादाचे अंग : ते वेगळ्या वाटेने आले. अमेरिकन विज्ञान प्रगती संघटनेने १९७०च्या दशकाच्या मध्यास, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यातील दहा आठवडे वृत्तपत्रांत व इतर प्रसारमाध्यमांत काम करायला लावणारी योजना सुरू केली. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीने १९८५ मध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जनतेशी बोलणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्य असल्याचे त्यात स्पष्टपणे मांडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९९७ मध्ये प्रस्तावांच्या परीक्षणात ‘व्यापक परिणाम’, म्हणजे संशोधनाचा समाजाला होणारा उपयोग, हा स्वतंत्र निकष आणला.

बॉडमर अहवालाच्या विचारामागे, लोकांना माहिती कमी आहे आणि ती दिली की प्रश्न सुटेल, असे गृहीत होते, अशी टीका नंतर झाली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर इंग्लंडच्या कंब्रिया भागातील मेंढपाळांचा अभ्यास केला. तज्ज्ञांनी स्थानिक माती, चराई आणि कळप यांविषयीचे मेंढपाळांचे ज्ञान विचारातच घेतले नाही, किरणोत्सर्गाचे निर्बंध काही आठवड्यांत उठतील असे खात्रीने सांगितले आणि ते खोटे ठरल्यावर विश्वास गमावला, असे त्यांनी दाखवले. या मांडणीला आता सर्वसाधारण मान्यता आहे. त्यामुळे ऐकून घेणे हेही अधिछात्राच्या कामात धरणाऱ्या योजना अधिक पक्क्या पायावर उभ्या आहेत, असे म्हणता येते.

कामाचे स्वरूप : संशोधनाचा भाग बहुधा संगणकीय प्रतिमाने (मॉडेल), उपग्रहांच्या व जुन्या हस्तलिखित नोंदी किंवा हिमगाभे (बर्फाच्या थरांतून खोलवर काढलेले नमुने), झाडांची वलये आणि प्रवाळ यांवर आधारलेला असतो. संवादाचा भाग प्रत्यक्षात कसा कसाला लागतो हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात भीषण उष्णतेची लाट आली. पीटर स्टॉट, डाइथी स्टोन आणि माइल्स ॲलन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की, मानवी प्रभावामुळे अशा उन्हाळ्याचा धोका किमान दुप्पट झाला असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक आहे. ‘माणसानेच लाट आणली’ हा मथळा या निष्कर्षापुढे चुकीचा ठरतो आणि ‘संबंध सिद्ध झालेला नाही’ हाही तितकाच चुकीचा. शिवाय हिशेब एका दिवसाच्या कमाल तापमानाचा नव्हता. तो विस्तृत प्रदेशाच्या संपूर्ण उन्हाळ्याच्या सरासरी तापमानाचा होता, आणि उंबरठा असा निवडला होता की, १८५१ पासूनच्या नोंदींत तो केवळ २००३ मध्येच ओलांडला गेला. बातमीदाराने दूरध्वनीवर ‘एका वाक्यात सांगा’ असे म्हटल्यावर यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते. ‘असा उन्हाळा येण्याची जी शक्यता एरवी होती, ती माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे निदान दुप्पट झाली, असे आम्ही मोठ्या खात्रीने म्हणू शकतो’ हे वाक्य साधे आहे. पण ‘निदान’ आणि ‘मोठ्या खात्रीने’ या दोन शब्दांवर त्याचा सगळा खरेपणा तोलला आहे. संपादनात बहुधा तेच आधी उडतात.

हे शब्द किती निसरडे असतात याचा अभ्यास झालेला आहे. आयपीसीसीच्या अहवालांत ‘संभाव्य’ म्हणजे ६६ ते १०० टक्के, ‘अतिशय संभाव्य’ म्हणजे ९० ते १०० टक्के आणि ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९९ ते १०० टक्के, असे ठरलेले अर्थ आहेत. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की, सामान्य वाचक ‘अतिशय संभाव्य’ या शब्दांतून मंडळाला अभिप्रेत असलेल्यापेक्षा बरीच कमी शक्यता समजतात, आणि शब्दाशेजारीच आकडा दिला की हा घोळ कमी होतो. मराठीत ‘संभाव्य’ला ‘होईल न होईल’ अशी छटा असल्याने आकडा सोबत ठेवण्याची गरज येथे अधिकच आहे.

पात्रता : या वृत्त्या कारकिर्दीच्या सुरुवातीच्या संशोधकांसाठी असतात. हा ‘आरंभकालीन’ काळ वयावर न मोजता पीएच.डी.पासूनच्या वर्षांवर मोजण्याकडे कल आहे. मारी क्युरी योजनेत ही मर्यादा आठ वर्षांची असून प्रसूती, आजारपण इत्यादींमुळे पडलेला खंड त्यातून वगळला जातो. त्याच योजनेत, आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे, असाही नियम आहे.

मतभेद : स्थलांतराच्या सक्तीने कल्पनांची देवाणघेवाण होते हे खरे. परंतु विश्वासाचा संवाद एका जागी टिकून राहिल्यानेच घडतो. दोन वर्षांत गाव, भाषा आणि वाचक सगळेच बदलणाऱ्या अधिछात्राकडून तो अपेक्षिणे ही योजनेतीलच विसंगती आहे. दुसरा प्रश्न मत मांडण्याचा. शास्त्रज्ञाने धोरणाची बाजू घेतली तर त्याची विश्वासार्हता घटते, हा समज जुना आहे. जॉन कॉचर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात मात्र, एका काल्पनिक शास्त्रज्ञाच्या अशा बहुतेक विधानांनी त्याच्या विश्वासार्हतेला धक्का बसला नाही. अणुवीजकेंद्रे वाढवण्याच्या आग्रहाने तेवढी ती कमी झाली. एका प्रयोगावरून सर्व देशांविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, तथापि गप्प राहण्याचा सल्ला सरसकट देण्याला आधार उरत नाही, हे निश्चित. मोकळेपणाचा अभाव किती महाग पडतो हे २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान संशोधन विभागाचे ईमेल चोरून प्रसिद्ध करण्यात आले तेव्हा दिसले. पुढच्या वर्षीच्या म्युर रसेल चौकशीने शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा निःशंक ठरवला, पण विदा (डेटा) आणि कार्यपद्धती खुली करण्यात कुचराई झाल्याचेही नोंदवले.

सर्वांत मोठी अडचण मूल्यमापनाची आहे. पुढची नोकरी शोधनिबंधांवर मिळते, त्यामुळे संवादाचे काम रात्री आणि सुट्टीत ढकलले जाते. मार्गदर्शकही बहुधा तेच सुचवतात. नियतकालिकाच्या प्रभाव-गुणांकावरून (त्यातील निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला या मापावरून) माणसाला मोजू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आकाराला आलेल्या जाहीरनाम्याने सांगितले. २०१९ मध्ये रॉयल सोसायटीने संशोधकाच्या परिचयपत्राचा वेगळा नमुना सुचवला. त्यात निबंधांच्या यादीऐवजी ज्ञाननिर्मिती, व्यक्तींची जडणघडण, संशोधक-समुदाय आणि व्यापक समाज या चार बाबतींतील योगदान गद्यात लिहायचे असते. हवामान-अधिछात्राने शेतकऱ्यांच्या बैठकीत घालवलेल्या दुपारीची नोंद करायला जागा मिळते ती या चौथ्या भागात.