छताचे ध्वनिरोधन

वरच्या मजल्यावरचा आवाज खालच्या खोलीत कमीत कमी उतरावा म्हणून घराच्या छताला केलेली बांधणी. वरून येणारा आवाज दोन प्रकारचा असतो. बोलणे, टीव्ही, गाणे हा हवेतून येणारा आवाज. तर पावले, ओढलेली खुर्ची, पडलेले भांडे, ओट्यावरचा खलबत्ता हा आघाताचा आवाज. काँक्रीटचा स्लॅब पहिला प्रकार चांगला अडवतो. 125 मिमी जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे 300 किलो भरते आणि एवढ्या वजनाला हलवणे हवेतल्या लहरींना जमत नाही. आघाताचे तसे नाही. तिथे वरची टाइल, स्लॅब, तुळया आणि भिंती हे सारे मिळून एकच कडक शरीर असते. वर ठोका पडला की ते सगळेच थरथरते आणि खालची खोली ढोलाच्या पोटासारखी वाजते. सदनिकांमधल्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या आवाजाच्या असतात.

जुन्या वाड्यांच्या कडीपाटात कड्यांवर लाकडी पाट आणि त्यांवर मातीचा थर असे. माती वजनदार आणि भुसभुशीत, त्यामुळे पावलांचा आवाज तिच्यातच बराचसा विरे. युरोपातही लाकडी जमिनींच्या पोकळीत याच कारणासाठी राख किंवा वाळू भरत.

छताला काहीतरी जाड चिकटवले की काम झाले, ही समजूत चुकीची आहे. आवाज अडवणाऱ्या थराचे वस्तुमान दुप्पट केले, तर आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. 12.5 मिमी जाडीच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर चौरस मीटरला साधारण 20 किलो होतात. ते 300 किलोच्या स्लॅबला थेट चिकटवले, तर या हिशेबाने फरक पडतो जेमतेम अर्ध्या डेसिबलचा. तेच बोर्ड स्लॅबपासून सोडवून, खाली टांगले की ते वेगळे वजन बनते आणि मधली हवा स्प्रिंगचे काम करते. म्हणून या कामात सामानापेक्षा सुटेपणाला किंमत आहे.

हवेच्या या स्प्रिंगला स्वतःची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपांची ठरावीक संख्या, असते; ती हर्ट्‌झमध्ये मोजतात. त्याच दुहेरी बोर्डांमागे 10 सेंमी पोकळी ठेवली तर ही कंप्रता 40 हर्ट्‌झच्या जरा वर येते. 2 सेंमी ठेवली तर 95 हर्ट्‌झच्या आसपास जाते. त्या कंप्रतेला छत आवाज अडवण्याऐवजी वाढवते. मुलांच्या उड्यांचा धपका नेमका याच खालच्या पट्ट्यातला असतो. त्यामुळे उथळ पोकळीचे छत करून भांड्यांचा खणखणाट जातो, पण धपका तसाच राहतो किंवा जास्त जाणवू लागतो. खोलीची उंची वाचवण्यासाठी पोकळी कमी करू नये, हे आग्रहाने सांगण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष बांधणीत स्लॅबमध्ये धातूचे अँकर ठोकून त्यांना रबरी किंवा स्प्रिंगचे हँगर लावतात, हँगरवर बोर्ड जोडण्यासाठी पत्र्याचे चॅनेल बसवतात आणि पोकळीत ग्लासवूल किंवा रॉकवूल (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंची लोकर) सैलसर पसरतात. दाबून ठासलेले वूल उलट कंप पुढे नेते. बोर्डांचे दोन थर सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे जोडतात. भिंतीलगत काही मिलिमीटर फट सोडून ती लवचिक सीलंटने भरतात. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत नुसत्या बोर्डांचे वजन सव्वादोनशे किलोंच्या घरात जाते, म्हणून प्लास्टिकच्या गुट्ट्यांवर विसंबू नये. पंख्याचा हूक स्लॅबलाच ठेवून दांडी बोर्डाला न टेकता खाली घ्यावी लागते. खड्ड्यात बसवलेले दिवे म्हणजे छताला पाडलेली भोके. दिवे बोर्डाला भोक न पाडता त्याच्या पृष्ठभागावर लावावेत. वर बाथरूम असेल, तर गळती थांबवल्याशिवाय छत बंद करू नये, कारण भिजलेले वूल लोंबते आणि बोर्ड फुगतो.

इतके करूनही आवाजाचा काही भाग भिंती, खांब आणि पाइप यांच्या वाटेने येतच राहतो. फोमच्या चौकटी, अंड्यांचे ट्रे किंवा कार्यालयांतल्या खनिज तंतूंच्या टाइल्स या वाटेवर उपयोगाच्या नाहीत. त्या खोलीतला घुमारा शोषतात. वरचा आवाज अडवत नाहीत.

आघाताचा आवाज मोजण्यासाठी वरच्या जमिनीवर ठोके देणारे यंत्र ठेवतात. त्याच्या पाच हातोड्या, प्रत्येकी 500 ग्रॅमच्या, 40 मिमी उंचीवरून मिळून सेकंदाला दहा ठोके देतात आणि खालच्या खोलीत पातळी मोजली जाते. भारताच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनाला स्वतंत्र विभाग आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या आवाजाची; शेजाऱ्याच्या पावलांना ती मोजपट्टी लागू पडत नाही.

आघात जिथे होतो तिथेच तो मऊ करणे सर्वांत परिणामकारक आणि बहुधा स्वस्त असते. सतरंजी, जाड गालिचा, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, मिक्सरखाली रबर यांनी पुष्कळ फरक पडतो. जमीन नव्याने करायची असेल, तर टाइलखालच्या कोब्याच्या खाली रबराची चटई अंथरून कोबा स्लॅबपासून तोडतात आणि कडेने भिंतीलगत त्याच चटईची पट्टी उभी लावतात. स्कर्टिंगची टाइल जमिनीच्या टाइलला सिमेंटने जोडली गेली, तर सगळा कंप त्या सांध्यातून भिंतीत उतरतो. तिथेही लवचिक सीलंटच हवा.