मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी शापित ठरलेला बिशप : थिओडोर प्रकरणाची पार्श्वभूमी

केरळातल्या पौर्वात्य परंपरेच्या ख्रिस्ती मंडळींत प्रभुभोजनाच्या वेळची एक प्रार्थना ‘मार थिओडोर’ यांच्या नावाने ओळखली जाते. हा थिओडोर म्हणजे मोप्सुएस्तियाचा बिशप. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याला शापित, म्हणजे पाखंडी म्हणून चर्चबाहेरचा ठरवले, तेव्हा त्याला मरून १२५ वर्षे झाली होती. १५९९ साली गोव्याच्या आर्चबिशपने मलबारात जाऊन त्याचे नाव उपासनेतून काढायला लावले. तेच नाव आता पुन्हा वेदीशी घेतले जाते. हे सगळे कसे घडले ते समजायचे तर सहाव्या शतकातल्या दहा-अकरा वर्षांकडे बारकाईने पाहावे लागते. सुरुवातीच्या चर्चमधली जी माणसे आज कुणाला आठवत नाहीत, ती सगळीच किरकोळ नव्हती. काहींना विसरण्याचा रीतसर ठराव झाला होता.

थिओडोरचा जन्म साधारण ३५० चा, अंत्युखिया (अँटिऑक) शहरातल्या सधन घरातला. वक्तृत्वाचे शिक्षण त्याने लिबानियस या नामांकित बिगरख्रिस्ती गुरूकडे घेतले. पुढे सुवर्णमुखी म्हणून गाजलेला योहान क्रिसोस्टोम हा त्याचा तिथलाच सोबती. दोघेही नंतर डायोडोर या तपस्वी शिक्षकाकडे शास्त्र शिकायला गेले. विशीतल्या थिओडोरने मधेच ते व्रत सोडून हर्मायनी नावाच्या मुलीशी लग्न करायचे ठरवले होते. क्रिसोस्टोमने त्याला परत बोलावणारे कळकळीचे पत्र लिहिले, ते आजही उपलब्ध आहे. थिओडोर परतला. ३९२ साली तो किलिकियातल्या मोप्सुएस्तियाचा बिशप झाला आणि ४२८ मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. आजच्या तुर्कस्तानात अदानाजवळ हे ठिकाण आहे. हद्दपारीत असतानाही क्रिसोस्टोम त्याला स्नेहाची पत्रे पाठवत होता. एका गुरूच्या हाताखालचे हे दोघे. एकाला पूर्व-पश्चिम दोन्ही चर्चनी संत मानले, दुसऱ्याची गणना पाखंड्यांत केली.

गुरूचीही गत फार वेगळी झाली नाही. डायोडोर पुढे तार्सचा बिशप झाला. ३८१ मध्ये बादशहा थिओडोसियसने शुद्ध मताची कसोटी म्हणून ज्या बिशपांची नावे फर्मानात घातली, त्यांत तो होता. सम्राट ज्युलियनने त्याच्या खंगलेल्या शरीराची टर उडवली होती, इतका तो त्या काळी ख्रिस्ती बाजूचा ठळक माणूस. त्याच्या लिखाणातले आज बहुतेक तुकडेच हाती लागतात.

या मंडळींची शास्त्र वाचण्याची रीत हाच पुढच्या वादाचा उगम. आलेक्सांद्रियाचे भाष्यकार जुन्या करारातल्या प्रत्येक ओळीत ख्रिस्ताची सावली शोधत. अंत्युखियाचे विचारत, हे कोणी, कधी, कोणाला उद्देशून लिहिले? दीडशे स्तोत्रांपैकी ख्रिस्ताबद्दलची थेट भाकिते थिओडोरला जेमतेम चार स्तोत्रांत दिसली. गीतरत्न हे त्याच्या मते शलमोनाने फारोच्या मुलीशी केलेल्या लग्नावरचे गीत. आजच्या अभ्यासकाला यात काही धक्कादायक वाटणार नाही, पण तेव्हा ते अनेकांना झोंबले. ख्रिस्ताबद्दल लिहितानाही तो देवत्व आणि माणूसपण एकमेकांत विरघळू देत नसे. येशू खरोखर भुकेला, खरोखर थकला, त्याला खरोखर मोह पडला आणि त्याने तो जिंकला, हे त्याला फार महत्त्वाचे वाटे. या मुद्द्यावर तो काही ठिकाणी इतका ताणून बोलला की ख्रिस्त एक की दोन, असा प्रश्न विरोधकांना सहज उभा करता आला.

४२८ साली थिओडोर वारला आणि त्याच साली नेस्टोरियस राजधानी कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. मरियेला देवमाता म्हणावे की ख्रिस्तमाता हा वाद, त्यावरून नेस्टोरियसला दोषी ठरवणारी ४३१ ची इफिसची परिषद, ख्रिस्त एकच पण देव आणि माणूस असे त्याचे दोन स्वभाव, असे ठरवणारी ४५१ ची खाल्सेदोनची परिषद, हे सगळे वाचकांना ठाऊक असेलच. इथे एवढेच सांगायचे की या दोन्ही परिषदांत थिओडोरच्या नावावर ठपका ठेवला गेला नाही. आलेक्सांद्रियाचा बिशप सिरिल याने थिओडोरविरुद्ध लिहिले खरे, पण चर्चच्या सहवासात मरण पावलेल्या माणसाला शाप देण्यापर्यंत प्रकरण गेले नाही. साम्राज्याच्या पूर्व सरहद्दीकडच्या एडेसा शहरात मात्र झगडा पेटला. तिथला बिशप रब्बुला थिओडोरच्या पुस्तकांवर उलटला. त्याच्यानंतर बिशप झालेला इबास ही पुस्तके सिरियाक या तिकडच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेत नेणाऱ्या पंडितांच्या वर्तुळातला. इबासने मारी नावाच्या एका इराणी ख्रिस्ती गृहस्थाला लिहिलेल्या पत्रात रब्बुलाला ‘आमच्या शहराचा जुलमी’ म्हटले. हेच पत्र शंभर वर्षांनी साम्राज्याच्या दरबारात पुरावा म्हणून वाचले गेले.

बादशहा जस्टिनियनची अडचण राजकीय होती. इजिप्त आणि सीरियातले लाखो ख्रिस्ती खाल्सेदोनचा निर्णय मानत नव्हते आणि साम्राज्याची पूर्व बाजू त्यामुळे खिळखिळी झाली होती. त्यांना जवळ करण्यासाठी खाल्सेदोन रद्द न करता त्यांच्या डोळ्यांत सलणारी तीन नावे बाजूला काढावीत, असा सल्ला त्याला मिळाला. सल्ला देणाऱ्यांत कैसरियाचा बिशप थिओडोर अस्किडास पुढे होता. तिसऱ्या शतकातला वादग्रस्त विचारवंत ओरिगेन याच्या अनुयायांवर नुकताच बादशाही बडगा उगारला गेला होता आणि अस्किडास त्यांच्यापैकी असल्याने लक्ष दुसरीकडे वळण्यात त्याचाही फायदा होता, असे त्या काळच्या विरोधकांनी नोंदवले आहे. ५४४ च्या सुमारास फर्मान निघाले. त्यात तीन गोष्टींचा धिक्कार होता. मोप्सुएस्तियाचा थिओडोर स्वतः आणि त्याचे सगळे लिखाण, कुर्‍हसच्या बिशप थिओडोरेटचे सिरिलविरुद्धचे लिखाण, आणि इबासचे ते पत्र. इतिहासात हे प्रकरण ‘तीन प्रकरणे’ म्हणूनच ओळखले जाते. थिओडोरेट आणि इबास यांना खाल्सेदोनने पदावर परत घेतले होते, म्हणून पश्चिमेकडच्या बिशपांना हा खाल्सेदोनवरचा मागच्या दाराने केलेला वार वाटला.

थिओडोरचे प्रकरण या तिघांत सर्वांत अवघड, कारण तिथे लिखाणाबरोबर माणसालाच शाप द्यायचा होता. मेलेल्या माणसाचा न्याय करण्याचा अधिकार चर्चला आहे का? तो उत्तर देऊ शकत नाही, चूक कबूल करू शकत नाही, पश्चात्ताप करू शकत नाही. उत्तर आफ्रिकेतला हर्मियानेचा बिशप फाकुंदुस याने या प्रश्नावर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. माझ्या मते त्या शतकातले हे सर्वांत धीट लिखाण. बादशहाने धर्माच्या बाबतीत कुठे थांबावे हे त्याने बादशहालाच सुनावले. दुसऱ्या बाजूने युटिकियस नावाच्या एका संन्याशाने जुन्या करारातल्या योशीया राजाचा दाखला काढला. योशीयाने मूर्तिपूजक याजकांची हाडे थडग्यांतून काढून जाळली होती, मग मेलेल्यांना शिक्षा का नको? हा युक्तिवाद बादशहाला इतका पसंत पडला की पुढे युटिकियस कॉन्स्टँटिनोपलचा कुलपती (पॅट्रिआर्क, म्हणजे तिथला प्रमुख बिशप) झाला.

५५० साली मोप्सुएस्तियातच एक चौकशी भरवण्यात आली. प्रभुभोजनाच्या वेळी दिवंगत बिशपांची नावे वाचली जात, त्या यादीत थिओडोरचे नाव होते का, असे गावातल्या म्हाताऱ्या धर्मगुरूंना आणि गृहस्थांना शपथेवर विचारले. सगळ्यांनी सांगितले, आमच्या आठवणीत तरी नाही, त्या जागी सिरिलचे नाव वाचले जाते. म्हणजे ३६ वर्षे ज्या गावाचा तो बिशप होता, तिथेच त्याचे नाव खोडून त्याच्या टीकाकाराचे घातले होते. बादशहाच्या बाजूने हा पुरावा फार मोलाचा ठरला. मला त्यात दुसरेच दिसते. कुणी तरी, कधी तरी, कोणत्याही परिषदेच्या निर्णयाशिवाय ते नाव काढले होते आणि मग त्या काढण्याचाच पुरावा झाला.

पोप विजिलियसचे या काळात फार हाल झाले. ५४५ मध्ये त्याला रोमहून उचलण्यात आले, ५४७ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलला पोचला. ५४८ मध्ये त्याने बादशहाच्या मताला रुकार दिला, तेव्हा आफ्रिकेच्या बिशपांनी त्यालाच बहिष्कृत केले. मग त्याने तो निवाडा मागे घेतला. ५५१ मध्ये शिपाई त्याला चर्चमधून ओढून काढायला आले. त्याने वेदीच्या खांबांना मिठी मारली, ओढाताणीत वेदी कोसळायच्या बेतात आली, आणि जमलेल्या लोकांचा संताप पाहून शिपाई मागे हटले. ५५३ च्या मे महिन्यात परिषद भरली, तेव्हा तो शहरात असूनही तिथे गेला नाही. थिओडोरच्या लिखाणातली साठ वचने त्याने चुकीची ठरवली, पण माणसाला शाप द्यायला नकार दिला. चर्चच्या सहवासात मेलेल्यांचा न्याय देवावर सोपवावा, हे त्याचे म्हणणे. परिषदेने त्याला जुमानले नाही आणि उलट त्याचेच नाव प्रार्थनेच्या यादीतून काढले. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, त्याने शरणागती पत्करली. रोमला परतताना ५५५ मध्ये तो सिसिलीत सिराक्यूजला वारला.

ज्यासाठी हे सगळे केले, ते साधलेच नाही. इजिप्त-सीरियातले खाल्सेदोनविरोधी परत आले नाहीत. उलट मिलान आणि आक्विलेया रोमपासून तुटले आणि आक्विलेयाची फूट सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सांधली गेली नाही.

साम्राज्याच्या सरहद्दीपलीकडे बादशहाचे फर्मान चालत नव्हते. एडेसाची पाठशाळा ४८९ मध्ये बंद पडल्यावर तिथले पंडित इराणी हद्दीतल्या निसिबिसला एकवटले. कवी नर्साई हा त्यांतला मोठा माणूस. त्याने डायोडोर, थिओडोर आणि नेस्टोरियस या तिघांची थोरवी गाणारे काव्य रचले. इराणी हद्दीतल्या या सिरियाक चर्चला ‘पूर्वेचे चर्च’ म्हणतात. तिथे थिओडोरला नुसते ‘भाष्यकार’ म्हटले तरी पुरे. ६०५ च्या धर्मसभेने त्याची भाष्ये प्रमाण ठरवली. पश्चिमेत जो शापित, तो पूर्वेत गुरू.

याच चर्चचा धागा कोकणापर्यंत येतो. आलेक्सांद्रियाचा व्यापारी कोस्मास याने साधारण ५५० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात मलबार आणि श्रीलंकेतल्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेख आहे. कल्लियाना बंदरात इराणमध्ये नेमलेला बिशप असतो, असेही तो सांगतो. हे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. कोस्मासचा गुरू मार आबा पुढे पूर्वेच्या चर्चचा प्रमुख झाला, तो थिओडोरच्याच परंपरेतला. म्हणजे मोप्सुएस्तियात चौकशी चालू होती, त्याच सुमारास कल्याणच्या बिशपाच्या चर्चमध्ये थिओडोरचे नाव आदराने घेतले जात असणार. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, तेव्हाही तिथे पूर्वेच्या चर्चची १५ घरे असल्याची नोंद ओडोरिक या प्रवाशाने केली आहे. त्यानंतर कोकणातला हा समाज दिसेनासा होतो.

मलबारात तो टिकला, आणि तिथे गोव्याचे राज्य आडवे आले. १५९७ मध्ये अंगमाळीचा बिशप मार अब्राहम वारला. गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस मलबारात उतरला आणि जून १५९९ मध्ये त्याने उदयंपेरूरला धर्मसभा बोलावली. डायोडोर, थिओडोर, नेस्टोरियस यांचे स्मरण बहिष्काराच्या धाकाने बंद झाले. सिरियाक पुस्तके तपासायला मागवली, काही दुरुस्त केली, काही जाळली. कोल्लमच्या जुन्या परंपरेतल्या मार साबोर आणि मार अफ्रोत यांच्या नावाची चर्चसुद्धा, ते पाखंडी असावेत या नुसत्या संशयावरून, ‘सर्व संतां’च्या नावे करण्यात आली. त्यापूर्वीची मलबारची हस्तलिखिते फार थोडी उरली. १३०१ मध्ये कोडुंगल्लूरला लिहिलेली एक पोथी आज व्हॅटिकनमध्ये आहे. १६५३ मध्ये मट्टनचेरीला तिथल्या ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज धर्मसत्ता झुगारण्याची शपथ घेतली, तेव्हा जो उद्रेक झाला, त्याची मुळे या सभेत आहेत. गोव्याच्या इतिहासात मेनेझिसचे हे काम बहुधा दोन ओळींत उरकले जाते, ते बरोबर नाही.

थिओडोरचे शब्द मात्र सिरियाकमध्ये तग धरून होते. १९०५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या सीर्तचा, रोमशी जोडलेल्या खाल्डियन चर्चचा आर्चबिशप अद्दाई शेर याला ‘देहधारणेविषयी’ या थिओडोरच्या मुख्य ग्रंथाची संपूर्ण प्रत मिळाली. छापण्याआधीच तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या १९१५ च्या कत्तलीत शेर मारला गेला, ग्रंथालय उद्ध्वस्त झाले, प्रत गेली. १९३२-३३ मध्ये अल्फोन्स मिंगाना याने थिओडोरची बाप्तिस्मा घेणाऱ्यांसाठीची प्रवचने प्रसिद्ध केली, १९४० मध्ये योहानाच्या शुभवर्तमानावरचे भाष्य छापून आले. मग ५५३ च्या परिषदेपुढे ठेवलेले सत्तरच्या वर उतारे मूळ संदर्भाशी ताडून पाहता आले. ते मुद्दाम मोडूनतोडून सादर केले होते, असे एका अभ्यासकाने मांडले. दुसऱ्याने ते बव्हंशी प्रामाणिक असल्याचे दाखवायचा प्रयत्न केला. हा वाद अजून मिटलेला नाही. प्रवचने वाचल्यावर माझा कौल पहिल्या बाजूला झुकतो, कारण दोन ख्रिस्त आहेत असे आपण म्हणत नाही, हे थिओडोर श्रोत्यांना स्वतःच बजावतो.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्ताविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मरियेसाठीच्या दोन्ही परंपरांतल्या संबोधनांना त्यात मान्यता आहे, थिओडोर किंवा नेस्टोरियस यांचा उल्लेख नाही. ५५३ चा ठराव कोणी मागे घेतलेला नाही. पूर्वेच्या चर्चमध्ये, त्रिचूरच्या शाखेतसुद्धा, प्रकटीकरणाच्या सणानंतरच्या पाचव्या शुक्रवारी ‘ग्रीक गुरूं’चे स्मरण होते आणि त्यात डायोडोर, थिओडोर, नेस्टोरियस ही तिन्ही नावे घेतली जातात.